अंगठी बोटात फिरते, खडा सारखा तळहाताकडे जातो: नंबर कमी करावा का?

अनामिका_सोलापूर

साखरपुड्याची अंगठी आहे. १८ कॅरेट, वर एकच ३० सेंटचा हिरा, उंच नखांत (हिरा धरणाऱ्या सोन्याच्या आकड्यांत) बसवलेला. एकूण वजन २.९ ग्रॅम. कडी २ मिमी रुंद आणि खालच्या बाजूला जेमतेम १.३ मिमी जाड. बोटातून गळून पडत नाही, सांध्यावरून घालताना थोडी अडते, पण मुळाशी पोचली की सैल. हात खाली सोडला की हिरा आधी करंगळीकडे कलतो आणि दहा मिनिटांत तळहाताच्या बाजूला गेलेला असतो. मग गाडीचं हँडल धरताना टोचतो, ओढणीत आणि पिशवीच्या बंदात नखं अडकतात.

सराफ म्हणतात, एक नंबर कमी करून देतो. घरी म्हणतात, दोरा गुंडाळ. ऑनलाइन प्लास्टिकच्या पिळाच्या स्प्रिंग मिळतात. मला हे विचारायचं आहे: नंबर कमी केला तर मे महिन्यात अंगठी बोटात अडकेल का? आणि कापाकापी न करता, हिऱ्याला धक्का न लागता फिरणं थांबवायचा कायमचा उपाय कोणता?

सराफी_कारागीर

ताई, अंगठी लगेच कापायला देऊ नका. आधी दोन मापं घ्या: एक सांध्याचं, एक मुळाचं. तुम्ही जे लिहिलंय, "सांध्यावर अडते, मुळाशी सैल", त्यातच दुखणं आहे. तुमच्या बोटाची गाठ मुळापेक्षा जाड आहे. अंगठी मुळाच्या मापाची केली तर गाठीवरून जाणार नाही; गाठीच्या मापाची केली तर खाली फिरणार. नंबर कमी करणं हा उपाय पूर्ण अंगठीच सैल असेल, म्हणजे सांध्यावरूनही ती खळकन निघत असेल, तेव्हाचा.

माप घरी असं घ्या. वहीच्या कागदाची ५ मिमी रुंद पट्टी कापा. दोरा घेऊ नका, तो ताणला जातो आणि माप कमी भरतं. पट्टी सांध्याच्या सगळ्यात जाड भागावर गुंडाळा, जिथे एकावर एक येते तिथे बारीक पेन्सिलीने खूण करा, पट्टी सरळ करून मिमीमध्ये मोजा. तसंच मुळाशी, जिथे अंगठी बसते तिथे. आपल्याकडच्या अंगठीच्या नंबरचा हिशेब सोपा आहे: आतला घेर मिमीमध्ये घ्या आणि ४० वजा करा. घेर ५४ मिमी म्हणजे १४ नंबर. एक नंबर म्हणजे घेरात १ मिमी, व्यासात सुमारे ०.३२ मिमी. सराफाकडे मापाच्या कड्यांचा जुडगा असतो, त्यावर हे ताडून बघा. पण जुडग्यातल्या कड्या अरुंद असतात. ६ मिमीहून रुंद अंगठीला एक नंबर जास्त लागतो.

माप एकदाच घेऊ नका. सकाळी उठल्याउठल्या बोटं सुजलेली असतात, एसीतून आल्यावर बारीक असतात. दुपार टळल्यावर, हात गार किंवा गरम नसताना घ्या आणि दोन-तीन दिवस घेऊन मधलं माप धरा.

आता फिरण्याची कारणं. गाठ हे एक झालं. दुसरं, वजन वरच्या बाजूला. लोकांना वाटतं हिऱ्याच्या वजनाने कलते. ३० सेंटचा हिरा म्हणजे ०.०६ ग्रॅम, त्याचा भार काहीच नाही. भार आहे तो हिरा धरणाऱ्या सोन्याच्या डोक्याचा, आणि ते डोकं बोटापासून किती उंच आहे याचा. खाली १.३ मिमीची बारीक कडी, वर उंच डोकं. मग जड बाजू खाली जाणारच. सोनं वाचवायला कडी बारीक केली की हा त्रास सगळ्याच अंगठ्यांत येतो. तिसरं कारण, बोट गोल नसतं. मुळाशी ते खालून मऊ आणि चपटं असतं. पूर्ण गोल कडी त्याला दोन-चार ठिकाणीच टेकते, बाकी पोकळी राहते, आणि त्या पोकळीत ती फिरते.

दोन्ही मापं इथे टाका, मग नेमकं सांगता येईल.

अनामिका_सोलापूर

तीन दिवस मोजलं. सांधा ५५ मिमी. मूळ ५०.५ ते ५१. अंगठीचा नंबर १४, म्हणजे आतला घेर ५४.

सराफी_कारागीर

मग गोष्ट स्पष्ट आहे. सांधा ५५, अंगठी ५४: कातडी सरकते म्हणून एक मिमी कमी असूनही ती जाते, हे माप अगदी योग्य आहे. १३ केला तर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत छान बसेल आणि मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की निघणार नाही. नंबर कमी करू नका.

तुमच्यासाठी पहिला उपाय: आतून सोन्याचे दोन रवे लावणं. हिरा घड्याळात बाराच्या जागी आहे असं धरा. कडीच्या आतल्या बाजूला ४ आणि ८ च्या जागी सोन्याचा एकेक छोटा, गुळगुळीत, अर्धगोल उंचवटा झाळून, म्हणजे डाख (जोडायचा धातू) वितळवून, लावायचा. बोटाचा खालचा मऊ भाग या दोन रव्यांच्या मधे बसतो आणि अंगठीला फिरायला जागा राहत नाही. सांध्यावरून जाताना मात्र खालची मऊ कातडी दोन रव्यांमधून दबून निघते, म्हणून ५४ ची वाट फारशी अरुंद होत नाही. हीच त्याची खुबी.

रव्याचं माप: ३ मिमी किंवा जास्त रुंद कडीला २ मिमी व्यासाचे. तुमची कडी २ मिमी रुंद, तिला १.५ मिमीचे बस. २ चे लावले तर कडेला भिडतील आणि शेजारच्या बोटाला लागतील. पूर्ण गोळा लावू नये, तो एका टिंबावर टेकतो आणि धक्क्याने उडतो. गोळा अर्धा घासून सपाट बाजू कडीवर बसवायची, म्हणजे डाखाला पकडायला जागा मिळते. रव्यांमुळे बोटाला जाणवणारं माप साधारण एक ते दीड नंबराने घटतं. ५४ चं साडेबावन्न-त्रेपन्न होईल. मूळ ५१ आहे, तेवढी सैल हवीच. ५१ ला ५१ अंगठी बसवली तर उन्हाळ्यात बोट निळं पडेल.

वजनाची शंका असते म्हणून सांगतो. २ मिमीचे दोन अर्धे रवे म्हणजे मिळून एक गोळा: २२ कॅरेटमध्ये सुमारे ७५ मिलीग्रॅम. तुमचे दीड मिमीचे १८ कॅरेटमध्ये ३० मिलीग्रॅमच्या आतच. म्हणजे सोन्याचा खर्च नगण्य, पैसे आहेत ते मजुरीचे. उलट एक नंबर कमी करताना कडीतला १ मिमीचा तुकडा निघतो. २ बाय १.३ मिमी कडीतून तो ४० मिलीग्रॅमचा. ३ मिमी रुंद, दीड मिमी जाड २२ कॅरेट कडीतून ८० मिलीग्रॅमचा. तुकडा परत मागून घ्या, तो तुमचा आहे.

दुसरा उपाय रवे पुरले नाहीत तर: खालच्या बाजूला आतून सोन्याच्या पट्टीचं अस्तर. ०.५ मिमी जाड, कडीएवढी रुंद, २०-२२ मिमी लांब, दोन्ही टोकं निमुळती घासलेली. याने १८ कॅरेटमध्ये पाव ते एक तृतीयांश ग्रॅम वजन खाली वाढतं, म्हणजे डोक्याला तोल मिळतो. तुमची कडी इतकी बारीक आहे की मला मनापासून वाटतं, पुढे कधी अंगठी मोडून पुन्हा करायची झाली तर कडी खाली १.८ मिमी ठेवा आणि तळ गोल न करता सपाट करा. तळ सपाट असला, दोन्ही कोपरे हलके गोल असले, की अंगठी जागची हलत नाही. हिऱ्याचं डोकंही एक-दीड मिमी खाली घेता येतं.

तिसरा, स्प्रिंगची पट्टी. आत U आकाराची पातळ पट्टी, तळाशी मधोमध झाळलेली आणि दोन्ही टोकं मोकळी. सांध्यावरून जाताना टोकं दबतात, मुळाशी पोचल्यावर परत उघडून बोट धरतात. सांधा आणि मूळ यांत सहा-सात मिमीचा फरक असेल, विशेषतः संधिवाताने गाठी वाढल्या असतील, तेव्हा हीच चांगली. पण ती २२ कॅरेटची करू नये: २२ कॅरेट मऊ, दोन महिन्यांत वाकून कडीला चिकटते. १८ किंवा १४ कॅरेटचीच हवी, आणि झाळताना तापून तिचा ताठपणा जातो, म्हणून झाळल्यावर ती ठोकून पुन्हा कडक करावी लागते. हे काम येणारा कारागीर निवडून घ्यावा लागतो. पट्टीखाली साबण आणि पीठ साचतं, हेही लक्षात ठेवा.

पूर्वभाग_मापवाला

कारागीर साहेबांचं सगळं पटलं, फक्त रव्यांची जागा सगळ्यांना ४ आणि ८ नाही. बोट मुळाशी रुंद आणि चपटं असेल तर ४ आणि ८ बरोबर. बोट बारीक आणि गोलसर असेल तर तिथले रवे बोटाच्या कडेला लागतात, काढताना ओरखडतात. अशा बोटाला ५ आणि ७ च्या जवळ घ्यावे लागतात. मात्र ६ च्या फार जवळ दोन्ही आणले की बोट त्यांच्या डोक्यावर बसतं आणि अंगठी डुगडुगते, फिरायची थांबत नाही. बहुतेक तक्रारी याच चुकीच्या असतात: रवे लावले, तरी फिरते.

म्हणून झाळण्याआधी जागा ठरवून घ्या. पारदर्शक सिलिकॉन सीलंट मिळतं, काचेच्या टाकीला लावतात ते. अंगठी कोमट साबणपाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, आतून स्पिरिटच्या कापसाने पुसा. टूथपिकच्या टोकाने मोहरीहून किंचित मोठा ठिपका ४ वर आणि तसाच ८ वर ठेवा. अंगठी हिरा खाली करून तांदळाच्या वाटीत रोवून ठेवा, म्हणजे ठिपके ओघळत नाहीत. २४ तास हात लावू नका. वरून कोरडं वाटलं तरी आतून ओलं असतं, घाईने घातली की ठिपका चपटा होतो आणि सगळं वाया. वाळल्यावर आठवडाभर घाला. जागा चुकली असेल तर नखाने सोलून निघतं, दुसऱ्या जागी ठिपका द्या. जागा जमली की तीच सराफाला दाखवा.

काही जणांना हे ठिपकेच पुरतात. काही आठवडे टिकतात, सुटले की पुन्हा लावायचे. कडीला धक्का नाही, हिऱ्याला आच नाही.

दोन गोष्टी मात्र वापरू नका. झटपट चिकटणारा डिंक, म्हणजे फेव्हिक्विकसारखा: तो काचेसारखा कडक होतो, तडकतो, त्याच्या कडा कातडीला लागतात. आणि ग्लू गनचा डिंक: उन्हात तापलेल्या हँडलवर हात ठेवला की तो मऊ पडतो, धूळ धरतो, काळा होतो.

प्लास्टिकच्या पिळाच्या स्प्रिंगबद्दल: ती चालते, पण २ मिमी कडीवर तिचे पीळ कडेने बाहेर येतात आणि शेजारच्या बोटाला घासतात. ३-४ मिमीच्या कडीला ठीक. पूर्ण कडीभर गुंडाळू नका, ४ ते ८ एवढाच तुकडा कापा. आठवड्यातून एकदा काढून धुवा. तिच्याखाली साबणाचं पाणी साचून कातडी पांढरी पडते, मग खाज, मग चट्टा. लोक त्याला सोन्याची अ‍ॅलर्जी समजतात.

रेशीम_गाठवण

दोऱ्याला कोणी नीट उत्तर दिलं नाही, म्हणून लिहिते. दोरा हा जुना आणि चांगला उपाय आहे, फक्त तो बहुतेक जण चुकीचा गुंडाळतात: कापसाचा शिवणाचा दोरा, आत गाठ, आणि वर नखांपर्यंत. मग चार दिवसांत मळतो आणि नाव दोऱ्याचं खराब होतं.

दोरा रेशमी घ्या, दागिने गाठवणाऱ्या पटवेकऱ्यांकडे मिळतो तो, पिवळा किंवा सोनेरी, साधारण ०.३ मिमी जाड. विडी बांधायचा दोरा फार बारीक, तो नको. या अंगठीला ७५ सेमी पुरे. पुरुषांच्या ४ मिमी रुंद अंगठीला सव्वा मीटर घ्या. दोरा मधमाशीच्या मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढून घ्या. मेणाने तो पाणी कमी पितो आणि वेढे एकमेकांना धरून राहतात.

गुंडाळायचं फक्त ४ ते ८ च्या मधे. १४ नंबरच्या अंगठीत हा भाग बरोबर १८ मिमीचा, घेराचा तिसरा हिस्सा. म्हणजे ०.३ मिमी दोऱ्याचे साठ वेढे. दोऱ्याचं ३ सेमी टोक कडीच्या बाहेरच्या बाजूने आडवं धरा आणि त्याच्यावरूनच पहिले दहा वेढे घ्या, म्हणजे सुरुवातीला गाठ लागत नाही. प्रत्येक वेढा आधीच्याला खेटून, नखाने सारत सारत. एकावर एक चढू देऊ नका. शेवटचे आठ वेढे उरले की वेगळ्या दोऱ्याचा एक छोटा फास कडीवर आडवा ठेवा, त्याच्यावरून आठ वेढे घ्या, उरलेलं टोक फासात ओवा आणि फास ओढा. टोक वेढ्यांखालून बाहेर येतं. ते ताणून अगदी लगत कापा. गाठ कुठेच नाही, टोचायचं काही नाही.

एका थराने अर्धा ते एक नंबर घटतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सोनं गुळगुळीत असतं आणि दोऱ्याला खरखर असते. फिरणं थांबतं ते बरंचसं या खरखरीने. म्हणून दोऱ्यावर नेलपॉलिश लावू नका. टिकावा म्हणून लावतात, पण दोरा काचेसारखा गुळगुळीत होतो आणि अंगठी पुन्हा फिरते.

थंडीत पंधरा दिवसांनी, उन्हाळ्यात घामाने आठ दिवसांनी बदला. ज्वारीचं पीठ दोऱ्यात गेलं की ते आंबतं आणि वास येतो, म्हणून भाकरी करताना अंगठी काढायचीच. शेंगाचटणी कुटताना, कालवताना तेल लागतं, तेव्हाही.

रत्नवाला_पूर्वभाग

वर रवे झाळायचं म्हटलंय, त्यात एक सावधगिरी जोडतो, कारण हे वाचून कोणी पोवळं-मोत्याची अंगठी घेऊन जाईल. हिरा, माणिक, नीलम जपून दिलेली आच सोसतात. हिऱ्यावर कारागीर टाकणखार किंवा बोरिक पावडरचा लेप देतो (माणिक-नीलमवर नाही, त्यांचा पृष्ठभाग या लेपाने खराब होतो). हा लेप नसला तर हिऱ्याच्या वरच्या बाजूवर पांढरट धुकं चढतं. पण पाचू, मोती, पोवळं, ओपल, फिरोजा यांना आच अजिबात चालत नाही. पाचूत आधीच चिरा असतात आणि बहुतेक वेळा त्या तेलाने भरलेल्या असतात. तापलं की तेल जातं, चिरा दिसू लागतात, कधी खडा दुभंगतो. मोती तपकिरी पडतो. अशा अंगठीत खडा आधी काढायचा, मग झाळायचं, मग पुन्हा बसवायचा. किंवा लेझर वेल्डिंगवाल्याकडे जायचं. लेझरची आच टिंबापुरती असते, खडा जागेवर ठेवून रवे लागतात.

सिलिकॉनच्या ठिपक्यांबद्दलही. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं. सोन्याला, हिऱ्याला काही होत नाही. मोती आणि पोवळं मात्र चुन्याच्याच जातीचे, आम्लाने त्यांची चकाकी मरते. त्यांना वास न येणारं, न्यूट्रल लिहिलेलं सिलिकॉन घ्या, नाहीतर दोराच बरा.

रत्नाची अंगठी खालून उघडी असते, खडा बोटाला टेकावा म्हणून. रवे लावले तर खडा बोटापासून उचलला जाईल अशी शंका पुष्कळांना येते. होतं उलटं: रवे खालून बोटाला वर ढकलतात, त्यामुळे खडा जास्त नीट टेकतो. कोंदण मात्र बघून घ्या; कोंदणाची आतली कड धारदार असेल तर आता ती बोटाला रुतेल. ती आधी घासून गोल करून घ्यावी.

अनामिका_सोलापूर

खूप मदत झाली. एक विचार आला. अंगठीच्या पुढे, नखाच्या बाजूला, घट्ट बसणारी साधी वेढणी घातली तर? आईची २२ कॅरेटची आहे.

सराफी_कारागीर

निसटणं थांबेल, फिरणं पूर्ण थांबणार नाही. शिवाय १८ कॅरेट २२ पेक्षा कडक असतं. रोज घासून वेढणीची कड खरवडली जाईल, आणि हिऱ्याचा गराडा, म्हणजे त्याची कडेची धार, तिला लागला तर चर पडतील. आईची वेढणी यासाठी झिजवू नका. घालायचीच तर १८ कॅरेटची नवी, कडा गोल केलेली.

आता सराफाकडे जाताना काय करायचं ते. सोलापुरात मधल्या मारुतीच्या बाजूला सराफ बाजारात दुकानं पुष्कळ आहेत, पण बहुतेक ठिकाणी अंगठी दुकानात नाही, मागे कारागिराकडे जाते. म्हणून तोंडी सांगू नका, पावतीवर लिहून घ्या: रवे दोन, १.५ मिमी, अर्धगोल, जागा ४ आणि ८, नंबर बदलायचा नाही. शेवटचे शब्द नक्की लिहा. नाहीतर "सैल आहे" एवढंच कारागिरापर्यंत पोचतं आणि तो कापून मोकळा होतो.

अंगठी देताना मिलीग्रॅमपर्यंत वजन करून घ्या, परत घेतानाही. कडीच्या आत ७५० (१८ कॅरेटची खूण) आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा क्रमांक, कोरलेला असेल. त्याचा स्वच्छ फोटो काढा आणि बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासून ठेवा. हा शिक्का बऱ्याचदा नेमका त्याच भागात असतो जिथे रवा बसवायचा. शिक्का झाकू नका, त्यावर घासू नका, असंही लिहून घ्या. गरज पडली तर रवा मिलीमीटरभर सरकवता येतो. डाख १८ कॅरेटचाच, कॅडमियम नसलेला. कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुफ्फुसांना घातक असतो, आणि तो डाख आता कोणी वापरू नये. अंगठी पांढऱ्या सोन्याची असेल तर झाळल्यावर रोडियमचा पांढरा मुलामा पुन्हा चढवावा लागतो, त्याचे पैसे आधी विचारा.

परत घेताना दुकानातच हे करा. बोटाच्या नखाने रव्यावर जोरात दाबून बाजूला ढकला. हलला तर डाख नीट वाहिलेला नाही. रव्याभोवती बोट फिरवा, कुठे खरखर लागली तर तिथेच पॉलिश मागा. दहा पट भिंगातून हिऱ्याची चारही नखं बघा, आणि अंगठी कानाशी धरून टिचकी मारा. टिकटिक ऐकू आली तर हिरा सैल आहे. तुमचा हिरा इतके दिवस तळहाताकडे जाऊन आपटत होता, त्यामुळे रव्यांपेक्षा हे तपासणं जास्त निकडीचं आहे. नखं आवळायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

यंत्रमाग_सुरक्षा

एक वेगळी पण महत्त्वाची गोष्ट. वाचणाऱ्यांत कारखान्यात काम करणारे असतील. यंत्रमाग, वार्पिंग, शिवणयंत्राची मोटर, ड्रिल, यांच्याजवळ अंगठी फिरती असो की घट्ट, काढूनच ठेवायची. रवे लावलेली, स्प्रिंगवाली अंगठी तर सुताला किंवा पट्ट्याला अडकली की निसटत नाही. बोटाची कातडी सोलून निघते, बोटही जाऊ शकतं. लॉकरची किल्ली असते त्याच साखळीत अंगठी अडकवून खिशात ठेवा, हातात नको.

पूर्वभाग_मापवाला

आणि उन्हाळ्यात अडकलीच तर ओढू नका, ओढल्याने सांधा आणखी सुजतो. हात पाच मिनिटं डोक्याच्या वर धरा, मग गार पाण्यात बुडवा, साबण लावून फिरवत फिरवत काढा. रव्यांची अंगठी काढताना सरळ ओढायची नाही. किंचित तिरकी करून आधी एक रवा सांध्याच्या खालच्या मऊ बाजूने सोडवायचा, मग दुसरा. तरीही निघत नसेल तर रेशमी दोऱ्याचं टोक अंगठीखालून मनगटाकडे काढा, उरलेला दोरा अंगठीपासून सांध्यापलीकडे घट्ट, खेटून गुंडाळा, मग मनगटाकडचं टोक नखाच्या दिशेने उलगडत चला. दोरा उलगडेल तशी अंगठी पुढे सरकते. बोट निळं पडलं, बधिर झालं, तर हे काही करत बसू नका, दवाखान्यात कापून घ्या. कापलेली कडी अर्ध्या तासात झाळून मिळते.

अनामिका_सोलापूर

ठरलं. आज हिऱ्याची नखं तपासून आवळून घेते. उद्या सिलिकॉनचे ठिपके ४ आणि ८ वर. जमले तर रवे, नाहीतर ५ आणि ७ करून बघते. नंबर १४ च ठेवते.

सराफी_कारागीर

ठिपके जमले की ते सोलायच्या आधी अंगठीचा समोरून, हिरा वर ठेवून फोटो काढा, आणि कडीच्या बाहेरून बारीक मार्करने दोन्ही जागी खूण करून तशीच सराफाकडे द्या. मार्कर स्पिरिटने पुसला जातो.